तेच आकडे, त्याच क्रमानं

"मॅडम, पंचवीस नंबरचा महिना असतोय का गो?"

कुंदाताई मोकल प्रिंटरसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. प्रिंटर अडला होता आणि पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ आली होती : 'तारीख चुकीची आहे. ओळ ४१.' एकेचाळिसाव्या ओळीत तारीख होती ०३/२५/२०११.

"सकाळपासून तीनदा बंद केला, चालू केला. त्याच ओळीवर येऊन बसतंय," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला बोलावला."

पळस्पे फाट्याच्या थोडं अलीकडे रत्नाकर धुरींचं ते गोडाऊन होतं. परदेशातून खाण्याचा डबाबंद माल यायचा, दूध पावडर, चीज, पीनट बटर, आणि इथून हॉटेलांना जायचा. बाहेरून आलेल्या प्रत्येक डब्यावर इथल्या नियमाप्रमाणे एक स्टिकर लावावा लागतो. मालाचं नाव, आणणाऱ्याचं नाव, माल कधीपर्यंत चांगला ती तारीख. पाठवणारी कंपनी यादी पाठवायची, माझा प्रोग्रॅम त्या यादीतून तारखा उचलून स्टिकर छापायचा आणि कुंदाताई आणि त्यांच्या हाताखालच्या चार बायका ते चिकटवायच्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायला लागले होते. धुरी माझं पहिलं गिऱ्हाईक.

मी यादी उघडली आणि दोन मिनिटांत चूक कुठे आहे ते कळलं. एकेचाळिसावी ओळ चुकीची नव्हती. कंपनी अमेरिकेतली होती. तिकडे आधी महिना लिहितात, मग दिवस. ०३/२५ म्हणजे पंचवीस मार्च. माझा प्रोग्रॅम मात्र सगळ्या तारखा आपल्या पद्धतीनं वाचत होता, आधी दिवस, मग महिना. पंचविसावा महिना नसतो म्हणून तो तिथे अडला. पण जिथे दोन्ही आकडे बारा किंवा बाराच्या आत होते, तिथे तो अडला नव्हता. तिथे त्यानं मुकाट्यानं चुकीचं वाचलं होतं. आठ मार्चला संपलेला माल, कंपनीनं लिहिलेलं ०३/०८. आमच्या स्टिकरवरही ०३/०८. इथला कोणीही माणूस ते वाचणार तीन ऑगस्ट.

त्या दिवशी वीस एप्रिल होता.

"काय झालं?" कुंदाताईंनी विचारलं.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "साहेबांना सांगावं लागेल."

धुरींची केबिन गोडाऊनच्या वर होती, काचेची, एसी लावलेली. साठीतला माणूस, शर्ट कायम पांढरा, बोलणं हळू. गोडाऊनमधून जिन्याकडे येताना ते खिशातला रुमाल काढून नाकाला लावायचे. रुमालाला अत्तर असायचं. मला ते बाळ म्हणायचे, दोन व्यापाऱ्यांकडे त्यांनीच माझं नाव सुचवलं होतं.

मी सगळं सांगितलं. त्यांना समजावं म्हणून कागदावर दोन तारखा लिहून दाखवल्या. लाजेनं माझे कान तापले होते.

"म्हणजे," ते कागद बघून म्हणाले, "काही डब्यांचं आयुष्य वाढलं आणि काहींचं कमी झालं."

"हो. हा बघा ना, दहा-सहा. हा खरा सहा ऑक्टोबरपर्यंत चांगला आहे. आपला स्टिकर वाचला तर दहा जूनलाच संपतो."

"हे नुकसान झालं."

"सगळंच दुरुस्त करते. आजच. आणि संपलेले डबे बाजूला काढावे लागतील. सहाशेच्या आसपास आहेत."

त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. माझ्यासाठी कपबशीतून आला.

"बाळ, डब्याच्या बुडाला कंपनीनं काय छापलंय?"

"शून्य तीन, शून्य आठ."

"आणि आपल्या स्टिकरवर?"

"तेच."

"तेच आकडे, त्याच क्रमानं?"

"हो, पण—"

"मग आपण खोटं काय छापलं? मी सांगत नाही, विचारतोय फक्त."

मी काहीतरी म्हटलं, वाचणारा वेगळं वाचेल वगैरे. ते मान डोलावत ऐकत होते.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "दहा-सहाचं मात्र उलट करायलाच हवं. तिथे आपण गिऱ्हाइकाला चुकीची माहिती देतोय. ते तू दुरुस्त कर. हे तीन-आठचं कंपनीनं छापलंय तसंच राहू दे. कंपनीच्या आकड्यात आपण कशाला हात घालायचा?"

"म्हणजे काही तारखा उलटायच्या आणि काही नाही?"

"ते तुझ्या कॉम्प्युटरला कळेल ना, कुठल्या उलटायच्या?"

कळणार होतं. एका ओळीचं काम होतं. तारीख आहे तशी ठेवल्यावर पुढची येत असेल तर तशीच ठेव, नाहीतर उलट. त्यांनी मला धमकी दिली नाही, कामावरून काढीन म्हणाले नाहीत, जास्तीचं काही देऊ केलं नाही. त्यांना तेवढाही त्रास घ्यावा लागला नाही. मी खाली आले, खुर्ची ओढली आणि ती ओळ लिहिली. पहिल्याच झटक्यात बिनचूक चालली. आणि तिच्याकडे बघून मला बरं वाटलं होतं. चांगली, सुटसुटीत ओळ लिहिल्यावर वाटतं तसं. याला आता चौदा वर्षं झाली, पण ते बरं वाटणं आठवलं की मला आजही तोंड धुवावंसं वाटतं.

मेच्या शेवटी मी दुसऱ्या कसल्यातरी कामासाठी गेले होते. गोडाऊनमध्ये पत्रा तापून उकडत होतं. कुंदाताईंनी मला हाक मारून मागच्या रांगेत नेलं. तिथे खोक्यांची भिंत रचली होती.

"हॉटेलवाल्यांनी परत धाडलेत," त्या म्हणाल्या. "त्यांचे आचारी घेत नाय म्हणतात."

एक डबा उघडा होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. पावडर पिवळट पडली होती, कडेला गाठी झाल्या होत्या.

"घे वास."

मी वाकले. जुन्या तेलात ओलं फडकं भिजत पडल्यासारखा वास होता. घशात उतरून तिथे चिकटून राहिला.

"खवट हाय की नाय?"

"मला काही कळत नाहीये," मी म्हटलं. "सर्दी झालीय."

मला सर्दी झाली नव्हती.

कुंदाताईंनी डबा उलटा केला. बुडाची तारीख बघितली, मग बाजूच्या स्टिकरवरची. बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या.

"शून्य तीन, शून्य आठ. हितं बी तेच. ऑगस्टपर्यंत चालला पायजे मग." त्यांनी पुन्हा वास घेतला. "तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

"तेच म्हणतो. तीन ऑगस्ट."

"मग माझंच नाक बिघडलं असंल," असं म्हणून त्यांनी झाकण दाबून बसवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धुरींनी त्यातले साठ डबे कर्जत रस्त्यावरच्या एका बालगृहाला दान दिले. मला फोटो पाठवला. धुरी मधे उभे, बाजूला डब्यांचा मनोरा, पुढे दोन रांगांत मुलं बसलेली. खाली लिहिलं होतं, 'तुझाही यात वाटा आहे, बाळ.' त्यांना त्यातून काही सुचवायचं नव्हतं. खरोखर कौतुकानं लिहिलं होतं.

सतरा जूनला, शुक्रवारी, कुंदाताईंचा फोन आला. "पोरं आजारी पडलीत. नऊ जण सलाइनवर हाईत. सरकारचा मानूस आलाय, तुलाही बोलावलाय."

अन्न निरीक्षकांचं नाव तडवी होतं. जळगावकडचे, चाळिशीचे, डोळ्यांखाली काळं आलेलं. ते त्या सकाळी हॉस्पिटलमधूनच आले होते आणि त्यांच्या बाहीवर कसलातरी वाळलेला डाग होता. धुरींच्या केबिनमधल्या टेबलावर दोन डबे ठेवले होते. धुरी बोलत होते. कुंदाताई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

"फॉरमॅटचा गोंधळ, साहेब," धुरी म्हणत होते. "तिकडे महिना आधी, इकडे दिवस आधी. प्रोग्रॅमला ते कळलं नाही. दुर्दैव. ही आमची प्रोग्रॅमर आली, हिला विचारा."

तडवींनी माझ्याकडे पाहिलं. "असा गोंधळ होतो?"

"होतो," मी म्हटलं. "नेहमी होतो."

ते खरंच होतं. माझा आवाजही स्थिर होता. धुरींनी माझ्याकडे मायेनं पाहिलं.

तडवी लिहायला लागले. मग पेन थांबवून त्यांनी दुसरा डबा उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग पहिला. असं दोन-तीन वेळा केलं.

"याच्या बुडाला दहा-सहा आहे," ते म्हणाले. "स्टिकरवर सहा-दहा. म्हणजे इथे तुम्ही आकडे उलटवलेत, बरोबर उलटवलेत. आणि याच्या बुडाला तीन-आठ, स्टिकरवरही तीन-आठ. इथे नाही उलटवले. दोन्ही डबे एकाच यादीतले आहेत ना?"

त्यांनी दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले.

"गोंधळ झाला तर तो दोन्हीकडे व्हायला हवा. हा एकाच बाजूला कसा झाला?"

धुरींनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "काही स्टिकर या बाईंनी हातानं बदलून छापले असतील," ते म्हणाले. "प्रिंटर अडत होता म्हणून. शिक्षण कमी आहे हो त्यांचं. मी कुठे कुठे बघणार?"

आधी ठरवून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. हाताशी जे सापडलं ते त्यांनी पुढे केलं.

तडवी कुंदाताईंकडे वळले. "तुम्ही तारखा बदलल्या, ताई?"

"मला बदलता येत नाय, साहेब. मी वास घेतलेला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी आता काय ते सांगून टाकीन असा पुरा भरवसा होता. "मॅडमना दाखवलेला डबा. त्यांना सर्दी होती."

मी लगेच बोलले असते तर बरं झालं असतं. मी बोलले नाही. एसीचा आवाज ऐकत बसले. मनात हिशेब चालला होता की कुंदाताईंना फार तर काय होईल. कामावरून काढतील, दुसरं मिळेल, चार बायका त्यांच्या ओळखीच्या आहेत. मी अगदी पद्धतशीर विचार करत होते. मग तडवी फॉर्मवर काहीतरी लिहायला लागले आणि त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव सांगा, ताई," आणि कुंदाताई सांगायला लागल्या, "कुंदा नामदेव मोकल."

मी लॅपटॉप उघडला. ती ओळ शोधायला वेळ लागला नाही.

"हे वाचा," मी म्हटलं.

तडवींना प्रोग्रॅम वाचता येत नव्हता. मी एकेक शब्द बोटानं दाखवून मराठीत सांगितला. तारीख तशीच ठेवल्यावर पुढे जात असेल तर तशीच ठेव. नाहीतर उलट. ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"धुरीसाहेबांच्या."

धुरी एवढे दुखावलेले मी कधी पाहिले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, साहेब? मुलीसारखी वागवली हिला. हुशार आहे म्हणून विश्वास टाकला. असं काही करत असेल याची मला कल्पना असती तर..." आणि ते खरोखर रडले. त्यांना त्या क्षणी ते खरं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या कुठल्याही कागदावर, कुठल्याही मेसेजमध्ये मला तसं सांगितल्याचं काही नव्हतं. 'मी सांगत नाही, विचारतोय फक्त.'

तडवींनी माझा जबाब घेतला. वाचून दाखवला. मी सही केली. खाली उतरताना कुंदाताई जिन्याखाली पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी थांबले.

"तेव्हा सर्दी नव्हती मला," मी म्हटलं.

"मला म्हाईत होतं," त्या म्हणाल्या. "नाक वाहत नव्हतं तुझं." आणि गेटबाहेर निघून गेल्या. त्यांनी पुन्हा माझा फोन कधी उचलला नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मुलं सगळी बरी झाली, एक मुलगा सोळा दिवस राहिला. धुरींचा परवाना चार महिने बंद होता. मग सुनेच्या नावानं दुसरी कंपनी निघाली, गोडाऊन तेच. मला पनवेलच्या कोर्टात अडीच वर्षं जावं लागलं, शिक्षा म्हणून दंड झाला. मी ते सगळं नाकारलं नाही. नाकारण्यासारखं काही नव्हतं. लोक मला म्हणाले की शेवटी खरं बोललीस ना. त्या वाक्याचीही मला शिसारी आहे.

पण जे सांगायला बसले ते दुसऱ्या दिवशीचं आहे, शनिवारचं.

बालगृहाला दिलेल्या साठ डब्यांत दोन तारखांचा माल होता हे मला रात्री यादी बघताना कळलं. तीन-आठचे डबे तडवींनी सील केले होते. पण चोवीस डबे चार-नऊचे होते. वाचताना चार सप्टेंबर. खरे नऊ एप्रिललाच संपलेले. मी सकाळी तडवींना फोन केला. त्यांनी बालगृहात फोन लावला तर चौकीदारानं उचलला, म्हणाला अधीक्षिका बाई सोमवारी येतील. तडवींचा माणूस अलिबागला गेला होता, तो दुपारनंतर पोचणार होता. "तुम्ही जवळ असाल तर जा आणि वापर थांबवा," ते म्हणाले. "मी येतोच."

बालगृह म्हणजे तीन खोल्या, एक मोठी पडवी आणि मागे स्वयंपाकघर. चव्वेचाळीस मुलांतली नऊ हॉस्पिटलमध्ये. बाकीची पडवीत बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. स्वयंपाकीण शेवंताबाई, बारीक अंगाच्या, पन्नाशीच्या, मागच्या मोरीवर पातेली घासत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांना वाटलं मी सरकारकडून आले.

"वाईट डबे नेले ना साहेबांनी," त्या म्हणाल्या. "हे चांगले राहिलेत ते वापरतेय. यांची तारीख सप्टेंबरची आहे, मी दोनदा बघितली."

फळीवर अकरा डबे होते. तेरा संपले होते.

"तारीख सप्टेंबरची नाही," मी म्हटलं. "एप्रिलची आहे. आम्ही ती तशी वाचली जाईल अशी छापली."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम. मी छापली."

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं त्या ओरडतील. मला ते हवं होतं. त्यांनी पदराला हात पुसले, फळीवरचा एक डबा काढून माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः घेतला. तडवींसाठी नमुना म्हणून एक डबा मी बाजूला ठेवला. बाकीचे आम्ही दोघींनी मोरीत रिकामे केले. पावडर ओतायची, वरून नळ सोडायचा. पाण्यानं तिचं दूध व्हायचं, पांढरं, दाट, आणि तो वास उठायचा. तिसऱ्या डब्याला मी मोरीच्या कडेला बसून ओकले. शेवंताबाईंनी मला पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. गाठी जाळीत अडकत होत्या, त्या त्यांनी बोटांनी दाबून दाबून खाली घालवल्या.

शेवटचा डबा रिकामा झाल्यावर त्यांनी साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. पुसले. पुन्हा साबण घेतला, पुन्हा धुतले.

"पोरं नको म्हणायची," त्या नळाकडे बघत म्हणाल्या. "वास येतो म्हणायची. तो लहान दीपू, जो आता तिकडे हॉस्पिटलमध्ये आहे, तो तर तोंड मिटून बसायचा. मी म्हणायचे, पोटात चांगलं काही जायला नको यांच्या. डब्यावर तारीख बघितलेली ना मी." त्यांनी नळ बंद केला. "मग मी त्याचं नाक दाबून पाजायचे."